तीस टक्क्यांचा अंगठा

(खामगाव येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ. बोलण्याच्या ओघात आलेली आडवळणे तशीच ठेवली आहेत.)



ज्या गुरुजींच्या नावाने आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या ओट्यावर माझे लहानपण गेले. संध्याकाळी जिनिंगचा भोंगा झाला की केसांत कापसाचे तंतू अडकलेली माणसे अर्ज लिहून घ्यायला यायची. गुरुजी अर्ज लिहायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग शाईचे पॅड पुढे सरकवायचे. सही येत नसेल त्याने अंगठा उठवायचा. एकदा एका माणसाने उजवा पंजा पुढे केला, तर त्याला अंगठाच नव्हता. माणूस ओशाळला. गुरुजी म्हणाले, "हे बोट उठव. का उठवलं ते मी खाली लिहितो." आणि त्यांनी खरोखरच ठशाखाली कंसात लिहिले: उजवा अंगठा नसल्याने तर्जनीचा ठसा.

वकिली सुरू करून मला आता तीस वर्षे होत आली. अपंग कामगारांबाबत मालकाची कायदेशीर कर्तव्ये कोणती, या विषयावर बोला असे व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा मी कायद्याची पुस्तके काढली, निकाल काढले, टिपणे केली. पण पुन्हा पुन्हा तो कंसच डोळ्यांपुढे येत राहिला. त्या एका ओळीत दोन गोष्टी होत्या. माणसाला जमेल अशी रीत त्याच्यासाठी केली, आणि केली त्याची नोंद ठेवली. आजच्या कायद्याचे निम्मे पोट त्यात सामावते.

आता अलीकडचा माणूस. त्याचे नाव आणि कारखाना सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये तो हंगामी कामाला होता. पट्ट्यात हात गेला आणि उजवा अंगठा मुळापासून गेला. वय पस्तीस. माझ्याकडे तो आला तो अंगठ्यासाठी नव्हे, अकरा दिवसांच्या मजुरीसाठी. अंगठ्याबद्दल त्याची तक्रार नव्हतीच. तो म्हणाला, "शेटनं सांभायून घेतलं न मले." दवाखान्याचे बिल मालकाने भरले होते, चाळीस हजार रुपये हातावर ठेवले होते आणि नंतर गेटवर बसवले होते, आधीपेक्षा कमी पगारावर. पुढच्या हंगामात हजेरीचे यंत्र आले. सगळ्यांच्या उजव्या अंगठ्याची नोंद झाली. याची होणार कशी? मुकादम म्हणाला, अकोल्याहून यंत्रवाला येईल तेव्हा पाहू. यंत्रवाला अकरा दिवसांनी आला. ते अकरा दिवस हा माणूस गेटवर हजर होता आणि हजेरीत गैरहजर.

"मशीन मले ओयखत नाई, साहेब," तो म्हणाला.

मी त्याला विचारले, डाव्या हाताचे बोट नाही चालत? तर म्हणे, चालते, यंत्रवाल्याने दोन मिनिटांत करून दिले. मग अकरा दिवस कोणी का केले नाही? त्याने जे उत्तर दिले ते आपल्या भागातल्या कुठल्याही मजुराने दिले असते. एकदा सांभाळून घेतल्यावर पुन्हा काही मागायचे म्हणजे बरे दिसत नाही.

आजचे माझे सगळे बोलणे या 'सांभाळून घेणे' या शब्दाभोवती आहे. शब्द वाईट नाही. त्यात माया आहे, आणि तो मालकही काही दुष्ट माणूस नव्हता. पण सांभाळून घेणे ही मर्जी असते. तिची नोंद कुठे नसते आणि तिची फेड गप्प राहून करावी लागते. कर्तव्याचे तसे नाही. ते कुठेतरी लिहिलेले असते, त्याला तारीख असते, आणि ते झाले नाही तर विचारायला जाता येते.

खामगावच्या लोकांना लिहून ठेवण्याचे महत्त्व मी सांगायला नको. जलंबपासून खामगावपर्यंतचा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तो काय आपल्या भेटीसाठी? वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून लँकेशायरला पोचावा म्हणून. त्या कापसात भेसळ होते, ओलावा असतो, अशी ओरड झाली तेव्हा १९२५ साली कापूस जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्याने प्रत्येक गाठीवर क्रमांक आणि प्रेसची खूण घालायला लावली, गाठींची नोंदवही ठेवायला लावली. कुठली गाठ कुठल्या प्रेसमधून निघाली हे परदेशातल्या व्यापाऱ्याला कळले पाहिजे. ती गाठ बांधताना कोणाचे बोट गेले, ते गेल्यावर तो माणूस काय काम करतो, त्याला काय लागते, हे विचारणारी नोंदवही मात्र खाजगी कारखान्यांसाठी थेट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली. मध्ये ९१ वर्षे गेली. हजेरीपट होता, अपघाताची सूचना कारखाना निरीक्षकाला देण्याची तरतूद होती, हे मी विसरलेलो नाही. पण अपघात नोंदला की माणूस कागदावरून उतरायचा.

बोटाची किंमत मात्र कायद्याने त्याआधीच ठरवली होती. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत शरीराचा दरफलक आहे. वकील झाल्यावर तो मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला जेवण गेले नाही. एक पंजा गेला तर कमाईची क्षमता ६० टक्के गेली. एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. तीन बोटे ३०, दोन बोटे २०. एकटा अंगठा ३० टक्के, म्हणजे तीन बोटांच्या बरोबरीचा एकटा अंगठा. ज्याने कोणी हा फलक बसवला त्याला हाताने काम कसे होते एवढे नक्की कळत होते.

आपल्या माणसाचा हिशोब करून पाहू, कारण असे हिशोब लोकांसमोर होत नाहीत. मजुरी महिना १०,००० धरा. तिचे ६० टक्के म्हणजे ६,०००. पस्तीस वर्षांच्या वयाला कायद्याने दिलेला गुणक १९७.०६. गुणाकार ११,८२,३६०. त्याचे ३० टक्के ३,५४,७०८ रुपये. हातावर ठेवले गेले चाळीस हजार. म्हणजे सांभाळून घेण्यात तीन लाखांवर रक्कम राहून गेली, आणि वर आयुष्यभराचे उपकार चढले ते वेगळेच.

मालक म्हणतात, आम्ही त्याच्याशी लिहून घेतले, त्याचा अंगठा आहे. (अंगठा डावा, हे वेगळे सांगायला नको.) पण असा करार कामगार भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर पूर्ण भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर राहतेच, आणि आधी दिलेल्या रकमेतली जास्तीत जास्त निम्मी वजा करता येते. चाळीस हजारांतले वीसच. व्याज १२ टक्के, विनाकारण उशीर केला तर दंड निम्म्या रकमेपर्यंत. कारखाना कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर हा पैसा विम्याकडून येतो, तिथे हिशोब वेगळा. आणि १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेला आहे. आपल्या माणसाचा अपघात त्याआधीचा, म्हणून मी जुन्याच फुटपट्टीने मोजले.

या फुटपट्टीची गंमत अशी की ती स्वतःला अंतिम समजत नाही. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे श्रीनिवास सबत नावाच्या सुताराचे प्रकरण होते. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालक म्हणाला, अनुसूचीत जे टक्के असतील ते घ्या. न्यायालय म्हणाले, सुतारकाम एका हाताने होत नाही. या माणसाची क्षमता शंभर टक्के गेली. हा निकाल वकील मंडळी भरपाई वाढवायला वापरतात. मीही वापरतो. पण तो उलट्या बाजूनेही वाचून पाहा. अपंगत्व हातात किती आणि कामाच्या मांडणीत किती? त्याच डाव्या हाताचा माणूस तहसीलात कारकून असता तर? टक्केवारी शरीराच्या एका अवयवाला लावलेली असते, पण अडचण उभी राहते ती माणूस आणि काम यांच्या सांध्यात. शरीर मालकाच्या ताब्यात नाही. कामाची मांडणी मात्र पूर्णपणे त्याच्याच ताब्यात आहे, आणि म्हणून कायदा त्याच्याकडे बोट दाखवतो.

हा विचार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, यात एकवीस आहेत. नोकरीतले आरक्षण तीनचे चार टक्के झाले. एवढे सगळ्यांना माहीत असते, परीक्षेतही विचारतात. ('दिव्यांग' की 'अपंग' हा वाद मी घालणार नाही. माझे अशील स्वतःला 'अपंग' म्हणतात, तेव्हा मीही म्हणतो. कागदावर 'दिव्यांग' लिहितो.)

आकडा किती मोठा आहे याचा एकच अंदाज देतो. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार भरली. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातले अपंग २९ लाख ६३ हजार. घाटावरचे आणि घाटाखालचे मिळून आपले तेरा तालुके एका पारड्यात घातले तरी ते पारडे वर जाईल.

आता त्या कायद्यातला गाभ्याचा शब्द. इंग्रजीतला 'रिझनेबल अकोमोडेशन'. एका मसुद्यात मी त्याचे भाषांतर 'वाजवी निवास' असे वाचले आहे. वाचून वाटले की मालकाने अपंग कामगाराला खोली बांधून द्यायची आहे! अर्थ साधा आहे: वाजवी सोय. त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून एरवीच्या पद्धतीत करायचा आवश्यक तो बदल. आपल्याकडे 'सोय' आणि 'सवलत' या शब्दांची सरमिसळ होते. सवलतीत काम कमी होते किंवा नियम सैल होतो. सोयीत काम तेवढेच राहते, ते करण्याची वाट बदलते. गेटवर डाव्या बोटाची नोंद घेतली तर त्याला कामात काय सूट मिळाली? काहीच नाही.

आणि सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असे कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. नुसते हाकलून देणे म्हणजे भेदभाव नव्हे. 'यंत्रवाला येईल तेव्हा पाहू' हाही भेदभाव होऊ शकतो. मालकालाही कायद्याने एक कवच दिले आहे. बोजा अवाजवी, न पेलणारा असेल तर ती सोय करण्याचे बंधन नाही. पण दोन मिनिटांचा बोजा न पेलणारा होता असे सांगायला कोर्टात उभे राहणारा वकील मला तरी भेटायचा आहे.

इथे एक शंका येते, आणि मालकांचे सल्लागार ती हमखास काढतात. कायदा चाळीस टक्क्यांच्या वरच्यांसाठी आहे ना? मग तीस टक्क्यांच्या अंगठ्याचे काय? आधी एवढे लक्षात घ्या की भरपाईचे तीस टक्के वेगळे आणि जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरचे टक्के वेगळे. दोन्हींची मोजपट्टी स्वतंत्र आहे. पण धरून चालू की त्याच्या प्रमाणपत्रावर चाळीसच्या आतलाच आकडा आला. मग आरक्षण नाही, हे खरे. आरक्षणाला चाळीस टक्क्यांची रेघ आहे. सोयीला मात्र ती रेघ नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात हेच सांगितले. लिहिताना त्याचा हात आखडायचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण तो ठरलेल्या टक्केवारीत बसत नव्हता. न्यायालय म्हणाले, अपंग व्यक्ती आणि चाळीस टक्के अपंगत्व असलेली व्यक्ती या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. जिथे कायद्याने चाळीसची अट घातलेली नाही तिथे ती तुम्ही घालू नका. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत, हमालीत, मळणीयंत्रावर बोटे गमावलेली कितीतरी माणसे या रेघेखाली राहतात आणि आपला कायद्याशी काही संबंध नाही असे समजतात. त्यांच्यासाठी हा निकाल मराठीत छापून वाटला पाहिजे.

मुंबई उच्च न्यायालय तर याच्याही आधी इथे पोचले होते. २००९ साली रणजित कुमार राजक विरुद्ध स्टेट बँक या प्रकरणात मूत्रपिंड बदललेल्या उमेदवाराला बँकेने वैद्यकीय कारणावरून नाकारले होते. 'वाजवी सोय' हे शब्द तेव्हा आपल्या कुठल्याही कायद्यात नव्हते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ते होते. न्यायालयाने ते तिथून उचलले आणि जगण्याच्या मूलभूत हक्कात वाचले.

आता 'आस्थापना' या शब्दाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात निम्मी गफलत इथेच होते. आपल्याकडे आस्थापना म्हटले की पंचायत समितीतली सेवापुस्तके ठेवणारी शाखा आठवते. कायद्यात आस्थापना म्हणजे जिथे माणसे कामाला आहेत ते सगळे. खाजगी आस्थापनेत कंपनी, भागीदारी, सहकारी संस्था, ट्रस्ट, कारखाना सगळे मोडते. आपला जिल्हा हा पतसंस्थांचा, शिक्षणसंस्थांचा, देवस्थानांचा, जिनिंग आणि दालमिलचा जिल्हा. या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान पंधरा-वीस जण तरी कुठल्या ना कुठल्या संस्थेचे संचालक असतील. तुम्ही सगळे आस्थापना आहात!

शिक्षणसंस्थांच्या संचालकांनी तर आणखी एक ओळ वाचावी. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाच्या मालकीच्या आणि ताब्यातल्या संस्थांबरोबर शासनाकडून साहाय्य मिळणाऱ्या संस्थाही आहेत. अनुदानित शाळा चालवणारी संस्था पगाराच्या वेळी स्वतःला शासकीय समजते आणि कर्तव्याच्या वेळी खाजगी. या कायद्यापुढे ते चालण्यासारखे नाही.

शासकीय आस्थापनेवर कलम २० चे ओझे आहे. सोय करून द्या, अपंगत्वाच्या कारणावरून बढती नाकारू नका, आणि चौथे पोटकलम तर प्रत्येक कर्मचाऱ्याने पाठ करावे असे आहे. सेवेत असताना ज्याला अपंगत्व येईल त्याला काढता येणार नाही आणि खालच्या पदावर ढकलता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्या. तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करा आणि योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्यावर ठेवा. इथे 'सेवेत असताना' असे शब्द आहेत, 'कामावर असताना' असे नाहीत. जिल्हा परिषदेचा लिपिक रविवारी स्वतःच्या शेतात सोयाबीन काढायला गेला आणि मळणीयंत्रात हात गेला, तरी हे संरक्षण त्याला आहे. अशा वेळी कार्यालयातले जाणते लोक त्याला सांगतात, रुग्णता निवृत्ती घे, मुलाचे बघू. तो बिचारा सही करतो. सही करण्याआधी त्याने एखाद्या वकिलाला विचारावे. मला नाही, कोणालाही.

हेच १९९५ च्या कायद्यात कलम ४७ मध्ये होते आणि त्याची कसोटी कुणाल सिंग या एसएसबी दलातल्या शिपायाच्या प्रकरणात लागली. सेवेत पायाला इजा झाली, पाय कापावा लागला, दलाने त्याला अपात्र ठरवून निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवले. सरकार म्हणाले, पेन्शन दिली, आणखी काय? फेब्रुवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन हे नोकरीचे उत्तर नाही. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर २०२५ च्या ऑगस्टमधला तेलंगणाच्या एसटीचा निकाल पाहा. चालकाला रंगांधळेपणा निघाला म्हणून महामंडळाने त्याला वैद्यकीय कारणावरून घरी बसवले. न्यायालय म्हणाले, दुसरे काम देता येते का हे तुम्ही शोधलेच नाही, आणि शोधण्याची जबाबदारी त्याची नव्हती, तुमची होती. मलकापूर, मेहकर, जळगाव जामोदच्या आगारांत चालकांच्या डोळ्यांची तपासणी होते तेव्हा कितींच्या पोटात गोळा येतो हे त्यांच्या बायकांना विचारा.

खाजगी कारखान्याच्या बाबतीत मात्र मला तुमची दिशाभूल करायची नाही. कलम २० तिथे लागू नाही. अधिसंख्य पद, वेतनश्रेणीचे संरक्षण यातले काही जिनिंगच्या कामगाराला मिळत नाही. पाच टक्के अपंग कामावर घ्या, असे खाजगी मालकांसाठी कायद्यात आहे, पण ते प्रोत्साहनाच्या कलमात, बंधनाच्या नव्हे. उलट जुन्या औद्योगिक कायद्यात एक पळवाट होती. सततच्या आजारपणामुळे कामावरून कमी केले तर ती कामगार कपात धरली जात नसे, म्हणजे कपातीची भरपाई नसे. अंगठा गेला हे आजारपण कसे, असे मी एकदा युक्तिवादात विचारले होते. समोरच्या वकिलांनी उत्तर दिले नाही, पण नोटिशीत तो शब्द होता. भेदभाव करू नये हे कलम ३ चे सर्वसाधारण तत्त्व आणि सोय नाकारणे म्हणजे भेदभाव ही व्याख्या, एवढ्यावर खाजगी कामगाराची लढाई उभी राहते. तीही तो हजेरीपटावर असेल तर. बारा माणसे पटावर आणि चाळीस ठेकेदाराकडे असा हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

तरीही खाजगी मालकावर एक पक्के, लेखी कर्तव्य आहे, आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे. कलम २१. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करायचे, म्हणजे आमच्याकडे अपंग कामगाराला काय सोयी मिळतील ते लिहून काढायचे, आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्याला आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत पुढे आहे की वीस किंवा अधिक माणसे असतील तर त्या धोरणात पदांची यादी, निवडीची रीत, प्रशिक्षण, बदली, विशेष रजा, साहाय्यक उपकरणे आणि एक संपर्क अधिकारी एवढे हवे. वीसच्या आत असतील तरी सुटका नाही. निदान कोणत्या सोयीसुविधा देणार ते लिहायचे. धोरण संकेतस्थळावर टाकायचे, नाहीतर दर्शनी भागात लावायचे. कलम २२ प्रमाणे अपंग कर्मचारी कोण, काय काम करतात, त्यांना काय सोयी दिल्या याची नोंद ठेवायची. म्हणजे ते गाठींचे रजिस्टर उघडा आणि त्याच्या शेजारी एक वही ठेवा.

मी जिथे जिथे हे विचारतो तिथे तिथे लोक माझ्याकडे चकित होऊन पाहतात. एका संस्थेचे सचिव म्हणाले, "आमच्याकडे अपंग कोणी नाहीच, मग धोरण कशाला?" त्यांच्या कार्यालयाला अकरा पायऱ्या होत्या. मी मोजल्या, कारण त्यांच्याशी बोलून परत उतरताना दुसरे काम नव्हते.

हे सगळे न केल्यास काय होते? पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड. पुन्हा केले तर पन्नास हजार ते पाच लाख. आयुक्त समन्स काढू शकतात, कागद मागवू शकतात, पण शेवटी ते जे देतात ती शिफारस असते. तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, मान्य नसेल तर कारण द्यायचे. दात आहेत, पण दुधाचे. एका कलमाला मात्र खरे दात आहेत, ते ९२. अपंग व्यक्तीचा चारचौघांत, अपमान करण्याच्या हेतूने उपमर्द केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद. कारखान्यांत माणसाला त्याच्या गेलेल्या अवयवावरून हाक मारायची पद्धत आहे. ती हाक वर्षानुवर्षे मारली जाते आणि तो हसून ओ देतो. हसतो म्हणून तो गुन्हा आपोआप माफ होत नाही.

आता खोट्या प्रमाणपत्रांचे. हा विषय काढला नाही तर तुम्ही प्रश्नोत्तरांत काढाल. शेजारच्या वाशिमला बदली झालेल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून २०२४ मध्ये देशभर गदारोळ झाला आणि लोकसेवा आयोगाने तिची उमेदवारी रद्द केली. २०२५ मध्ये राज्य सरकारने सेवेतल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी करायला लावली. खोटे सांगून लाभ घेणाऱ्याला कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तो व्हावा. माझी तक्रार वेगळी आहे. बदलीत सवलत मिळवण्यासाठी कोणीतरी कानात बोळे घातले, की दुसऱ्या दिवसापासून खऱ्या बहिऱ्या शिक्षकाला लोक मागून हाक मारून बघतात.

या भागात अपंगांच्या कामाचा विचार कोणी केला नाही असे नाही. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसांच्या श्रमाला तिथे मान मिळाला. बाबा आमट्यांचे आनंदवन आपल्याच विदर्भात. या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण एक पाहा, त्यांना माणसांसाठी वेगळे गाव वसवावे लागले, कारण आपल्या गावाने त्यांना कामावर ठेवले नाही. २०१६ चा कायदा म्हणतो की याच गावात, याच जिनात, याच गेटवर.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पूर्ण अंध. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, रेल्वेच्या लेखा सेवेत नाव आले, आणि दृष्टी नाही म्हणून रेल्वेने घेतले नाही. पुढच्या परीक्षेत त्या १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. शाळाशाळांत ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मी ती मालकाची म्हणून सांगतो. त्या पुन्हा परीक्षेला बसू शकल्या. गेटवरच्या माणसाला दुसरी परीक्षा नसते.

त्याचे पुढे काय झाले, हे विचारायला तुम्ही थांबला असाल. अकरा दिवसांची मजुरी नोटीस गेल्यावर आठवड्यात मिळाली. अंगठ्याची भरपाई मागायला तो तयार नव्हता. शेट काय म्हणतील? अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षांची, आणि त्यातले सात आठवडे उरले होते. शेवटी त्याच्या बायकोने त्याला दटावले आणि मुदतीला नऊ दिवस असताना अर्ज दाखल झाला. प्रकरण चालू आहे, म्हणून त्यावर यापेक्षा जास्त बोलणार नाही. अर्जावर त्याने डाव्या तर्जनीचा ठसा दिला. खाली कंसात का ते मी लिहिले.

शेवटी एक कामाची गोष्ट. समान संधी धोरणाचा दोन पानी मराठी नमुना मी तयार करून आणला आहे. वीसच्या आतल्या आस्थापनांसाठी एक, वीसच्या वरच्यांसाठी एक. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर वाचून मोबाइलवर नोंदवला आहे, कार्यकर्त्यांकडून मागून घ्या. मोकळ्या जागा भरा, सही-शिक्का करा, एक प्रत पुण्याला स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक दर्शनी भिंतीवर लावा. टपालाची पावती जपून ठेवा. आणि लावताना जरा खाली लावा. व्हीलचेअरवरच्या माणसाला ती वाचता आली पाहिजे.